फोटो ‘नॉर्मल’, दुखणे मात्र खरे

खेड्यापाड्यांत एक्स-रेला आजही ‘फोटो’ म्हणतात. ‘डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला’, ‘फोटोत हाड मोडलेले दिसले’, ‘फोटोत काही निघाले नाही’ ही वाक्ये रोज आपल्या कानांवरून जातात. शब्द साधा आहे, पण त्यामागे एक ठाम समजूत दडलेली आहे. फोटोत जे दिसते ते खरे आणि जे दिसत नाही ते नाहीच, ही ती समजूत. लग्नाच्या अल्बममध्ये मामा दिसले नाहीत, तर मामा लग्नाला आलेच नव्हते असे कोणी म्हणत नाही. ते बिचारे पंगतीच्या व्यवस्थेत गुंतलेले असतात आणि फोटोग्राफर तिकडे फिरकलेला नसतो, हे आपल्याला ठाऊक असते. हाडांच्या फोटोला मात्र एवढीही सवलत आपण देत नाही. फोटो ‘नॉर्मल’ आला की रुग्ण घरी जातो. त्याचे दुखणेही त्याच्याबरोबर घरी जाते.

लोणखेडा हे शहाद्याला लागूनच असलेले गाव. भोवताली ऊस, कापूस, केळी आणि पपईची शेती, जवळच पुरुषोत्तमनगरचा साखर कारखाना आणि उत्तरेकडे मान वळवली की सातपुड्याची रांग. तोरणमाळ, धडगावच्या डोंगरांतून उतरणारी कितीतरी माणसे बाजार, मजुरी, शिक्षण आणि औषधपाणी यांसाठी शहाद्याच्या या पट्ट्यात येतात. त्यामुळे इथल्या दवाखान्यांच्या बाकांवर दोन वेगळ्या जगांतील माणसे शेजारीशेजारी बसू शकतात. एकीकडे साठीतला बागायतदार, ज्याचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात. दुसरीकडे डोंगरातून आलेला विशी-बाविशीचा तरुण, ज्याच्या जांघेत चालताना कळ येते. दोघांच्याही हातात एक्स-रेचे मोठे पाकीट असते. बागायतदाराच्या फोटोत झीज स्पष्ट दिसते. तरुणाच्या फोटोत काहीच दिसत नाही. पण दोघांपैकी ज्याचा सांधा घाईने वाचवायला हवा तो हा तरुण असण्याचा संभव मोठा असतो. हे असे का, ते नीट समजून घेतले पाहिजे.

विळ्याच्या आकाराचे रक्त

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार इथली सुमारे सत्तर टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा जमाती इथे पिढ्यानपिढ्या राहतात. महाराष्ट्रात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार ज्या भागांत जास्त आढळतो, त्यांत विदर्भाबरोबर नंदुरबारचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. ‘सिकल’ म्हणजे विळा. तांबड्या रक्तपेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. केसाहून बारीक वाहिनीतूनही त्या वाकून, दुमडून पुढे सरकतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या कडक होतात आणि विळ्यासारख्या वाकड्या बनतात. मग अरुंद वाहिनीत त्या एकमेकींत अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो.

१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटातून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या पेशी पाहून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींमध्ये हा दोष आढळल्याची नोंद झाली. ज्याला हा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच मिळतो तो ‘वाहक’. त्याला सहसा त्रास होत नाही. उलट जीवघेण्या मलेरियापासून त्याला काही प्रमाणात संरक्षणच मिळते, हे १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी दाखवून दिले. जंगलपट्ट्यांत हा दोष टिकून राहिला तो त्यामुळेच. दोघेही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. यात कोणाचे पाप नाही, कोणाच्या कुळाला बट्टा नाही. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत या आजारावर अनेक वर्षे काम केले आणि २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरू नये, असे तिचे उद्दिष्ट आहे.

रक्ताच्या आजाराचा हाडांशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. संबंध अगदी जवळचा आहे. हाड म्हणजे चुन्याचा निर्जीव खांब नव्हे. त्याच्या आत मगज असतो, रक्तवाहिन्या असतात आणि जिवंत पेशी असतात. रक्त अडले की त्या पेशी मरतात. तान्ह्या बाळाचे हात-पाय एकाएकी सुजून टम्म होतात, बाळ हात लावू देत नाही. सिकलसेलची ती पहिली खूण असू शकते. आणि त्या दिवशी काढलेल्या एक्स-रेत हाडे बहुधा चांगलीच दिसतात. मोठेपणी हाच घाला खुब्यावर पडतो. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कमरेच्या हाडातील उखळीत फिरते. या गोलाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक असतात. त्या तुंबल्या की गोल आतून मरू लागतो. डॉक्टर याला ‘अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’ किंवा थोडक्यात ‘एव्हीएन’ म्हणतात. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडमुळे किंवा अति मद्यपानानेही हा विकार होतो. २०२१ साली करोनातून बऱ्या झालेल्या काही रुग्णांमध्ये तो मुंबईच्या डॉक्टरांना आढळला, तेव्हा वृत्तपत्रांतून त्याची बरीच चर्चा झाली. सिकलसेलच्या रुग्णांना मात्र करोनाच्या कितीतरी आधीपासून तो तरुणपणीच गाठत आला आहे. त्याची मोठी बातमी क्वचितच झाली.

चुन्याची सावली

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म रोंटजेन यांना आपल्या प्रयोगशाळेत एक अनोळखी किरण सापडला. बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांनी त्याला दिले आणि आपण मराठीत त्याच न्यायाने त्याला ‘क्ष-किरण’ म्हणू लागलो. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी दिसत होती. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक रोंटजेन यांना मिळाले. या शोधाचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. ते घेतले असते, तर तालुक्याच्या गावापर्यंत एक्स-रे पोहोचायला कदाचित आणखी वेळ लागला असता.

पण हा फोटो म्हणजे नेमके काय असते? ती एक सावली आहे. किरण मांसातून सहज पार होतात आणि हाडातील चुना त्यांना अडवतो. जिथे चुना जास्त तिथे पांढरे, जिथे कमी तिथे काळे. म्हणून हाड मोडले, सरकले, झिजले की एक्स-रे ते चोख दाखवतो आणि तेही स्वस्तात, काही क्षणांत. हातापायाच्या एका एक्स-रेत किरणांचा डोसही अगदी नगण्य असतो; माती-दगडांतून आणि आकाशातून काही तासांत आपल्याला आपोआप मिळतो, साधारण तेवढाच. या यंत्राची थोरवी कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

मात्र सावलीला सावलीच्या मर्यादा असतात. हाडातील चुना साधारण तीस ते पन्नास टक्के कमी झाल्याशिवाय ती घट साध्या एक्स-रेत उठून दिसत नाही. मणक्याचा क्षयरोग सुरुवातीला फोटोत हुलकावणी देतो तो यामुळेच. मनगटातल्या एका लहानशा हाडाला गेलेला तडा पहिल्या दिवशी पुष्कळदा दिसत नाही. म्हणून जाणता डॉक्टर दुखण्यावर विश्वास ठेवून प्लास्टर घालतो आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो घेतो. खुब्याच्या गोलाचे तर याहून विचित्र आहे. रक्तावाचून गोल मेला तरी त्यातला चुना जागच्या जागीच असतो. मुळे सुकलेले झाड काही काळ उभेच असते. दुरून फोटो काढला तर खोड, फांद्या सगळे शाबूत दिसते. एक्स-रेलाही मेलेले हाड असेच शाबूत दिसते.

चंद्रकोर दिसेपर्यंत

पुढे काय होते? रोज चालताना, ओझे उचलताना, ऊस तोडताना त्या मेलेल्या गोलावर भार पडत राहतो. मग त्याच्या पृष्ठभागाच्या खाली एक बारीक तडा जातो आणि एक्स-रेत काळ्या रेषेची एक लहानशी चंद्रकोर उमटते. पाय बाजूला मुडपून घेतलेल्या फोटोत ती अधिक चांगली दिसते. सरळ झोपवून काढलेल्या एकाच फोटोत ती निसटू शकते. चंद्रकोर दिसली म्हणजे गोल आता ढासळू लागला. त्यानंतर चेंडू चपटा होतो, उखळीची कूर्चा झिजते आणि तरणाताठा माणूस लंगडू लागतो. शेवटी उरतो तो कृत्रिम खुबा. ती शस्त्रक्रिया चांगली आहे, हजारो लोकांना तिने पायांवर उभे केले आहे. पण कृत्रिम सांध्यालाही आयुष्य असते. सत्तराव्या वर्षी बसवलेला सांधा बहुधा जन्मभर पुरतो. पंचविसाव्या वर्षी बसवलेला पुन्हा बदलावा लागण्याची धास्ती असते. शिवाय सिकलसेलच्या रुग्णाला भूल आणि शस्त्रक्रिया यांचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो.

ही चंद्रकोर उमटण्याआधीचा काळ महत्त्वाचा आहे आणि तो पाहण्याचे साधन म्हणजे एमआरआय. या यंत्रात क्ष-किरण नसतात. मोठ्या चुंबकाच्या साहाय्याने शरीरातील पाणी आणि चरबी यांमधील हायड्रोजनच्या अणूंचे संकेत टिपले जातात. या शोधातील कामासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल मिळाले. हाडाच्या मगजात पाणी आणि चरबी दोन्ही असतात, त्यामुळे मगज मरू लागल्याचे एमआरआयला एक्स-रेच्या कितीतरी आधी कळते. चुना पाहणारे यंत्र वेगळे आणि मगज पाहणारे वेगळे. एकाने नाही म्हटले म्हणून दुसऱ्याला विचारायचेच नाही, हे शहाणपणाचे नव्हे.

लवकर कळून काय उपयोग, असाही प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. मेलेले हाड हमखास जिवंत करणारे औषध अजून नाही. गोलात छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया काहींना उपयोगी पडते, सर्वांना नाही. पण गोल ढासळण्यापूर्वी काही ना काही करता येते. भार कमी करता येतो, काठी वापरता येते, ठरवून दिलेला व्यायाम करता येतो, ओझ्याच्या कामाऐवजी दुसरे काम शोधता येते. रक्ताच्या डॉक्टरांकडून हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने मूळ आजार आटोक्यात ठेवता येतो. हा विकार पुष्कळदा दोन्ही खुब्यांत असतो. एक गेला तरी दुसऱ्यावर वेळीच लक्ष ठेवता येते. विशीतल्या माणसाला आपल्या पायांवर चालायला आणखी पाच वर्षे मिळाली, तर तेवढ्यात त्याचे शिक्षण पुरे होते, संसार उभा राहतो.

दुसऱ्या टोकाची चूक

आता याच नाण्याची दुसरी बाजू पाहू. एमआरआय एवढा गुणी, मग प्रत्येक पाठदुखीला तोच का काढू नये? ज्यांच्या पदरी पैसा आहे त्यांच्यात हा विचार बळावत चालला आहे. ‘मणक्यात गॅप निघाला’, ‘गादी सरकली’ हे शब्द घराघरांत पोहोचले आहेत. १९९४ साली अमेरिकेत ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती अशा ९८ जणांचा एमआरआय काढण्यात आला. त्यांतील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के लोकांत मणक्याची निदान एक चकती फुगलेली निघाली आणि २७ टक्क्यांत ती बाहेर डोकावत होती. त्यांना दुखणे काहीच नव्हते! केस पांढरे होतात तशा चकत्याही वयाबरोबर जुन्या होतात. पाठदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत कमी होते. पायातली ताकद गेली, लघवी-शौचाचा ताबा सुटला, ताप किंवा वजनातील घट सोबत आली, पूर्वी कर्करोग झालेला असला, तर मात्र तपासणीला विलंब लावू नये. एरवी गडबडीने काढलेला फोटो बरे होऊ घातलेल्या माणसाला रुग्ण बनवतो.

म्हणजे एकीकडे नको तिथे महागडे चित्र आणि दुसरीकडे हवे तिथे चित्रच नाही. मळ्यातल्या माणसाच्या पाठीचा एमआरआय सहज निघतो. डोंगरातल्या तरुणाच्या खुब्याचा निघत नाही, कारण ते यंत्र ग्रामीण रुग्णालयात नसते आणि शहरात जायचे तर रोज बुडतो, सोबतीला माणूस लागतो. दुखण्याची गरज आणि खिशाची ऐपत यांची अशी फारकत होते, तेव्हा यंत्र कितीही आधुनिक असले तरी निदान मागासच राहते.

चिठ्ठीवरचा प्रश्न

यावर पहिला उपाय खर्चाचा नाही, तो एका ओळीचा आहे. एक्स-रेसाठी डॉक्टर जी चिठ्ठी देतात तिच्यावर पुष्कळदा एवढेच असते: ‘गुडघ्याचा एक्स-रे.’ फोटो वाचणाऱ्याला रुग्ण कोण, किती दिवस दुखते, कुठे दुखते, सिकलसेल आहे का, काहीच ठाऊक नसते. प्रश्नच विचारला नाही तर उत्तर काय येणार? त्यातून खुब्याच्या बिघाडाची एक खोड अशी की कळ कित्येकदा गुडघ्यात जाणवते. मग फोटो गुडघ्याचा निघतो आणि तो अर्थातच चांगला येतो! चिठ्ठीवर ‘सिकलसेल रुग्ण, तीन आठवडे जांघेत दुखणे, मांडी घालून बसता येत नाही’ एवढे लिहिले, तर वाचणाऱ्याची नजर बदलते. मणक्यांच्या फोटोतही वरून-खालून मधोमध दबलेले, माशाच्या उघड्या तोंडासारखे दिसणारे मणके पाहून त्याला मूळ आजाराची शंका घेता येते.

म्हणून नंदुरबार जिल्ह्यात हाडांच्या प्रत्येक तपासणीच्या चिठ्ठीवर सिकलसेलचा एक रकाना असावा, अशी आमची सूचना आहे. ज्याचा आजार निश्चित झाला आहे आणि ज्याच्या खुब्याचे दुखणे काही आठवडे हटत नाही, त्याच्या एक्स-रेवर ‘नॉर्मल’ हा शेवटचा शब्द मानला जाऊ नये. त्याची पाठवणी एमआरआयसाठी व्हावी आणि ती मोफत व्हावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलचा समावेश दिव्यांगत्वाच्या यादीत केला आहे. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीच्या साध्या बसमधून मोफत प्रवासाची सवलतही आहे. बस फुकट आणि बस ज्या तपासणीपाशी नेते ती तपासणी मात्र परवडत नाही, हे बरोबर नाही. नंदुरबारला २०२० साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हाड आणि रक्त यांचे डॉक्टर एका टेबलाशी बसून अशा रुग्णांकडे पाहतील, अशी व्यवस्था करण्यासाठी त्याच्याइतकी योग्य जागा दुसरी कोणती?

काही गोष्टी घरच्यांच्याही हातात आहेत. एक्स-रेची फिल्म ही कपाटावर फेकून देण्याची वस्तू नव्हे. जुना फोटो शेजारी ठेवला तरच नव्या फोटोत काय बदलले ते कळते. तेव्हा फिल्म सपाट ठेवावी, तिच्यावर तारीख आहे ना ते पाहावे आणि पुढच्या वेळी ती न विसरता सोबत न्यावी. सिकलसेलचे कार्ड त्याच पाकिटात असावे. गरोदर असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास एक्स-रेपूर्वी सांगावे. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असल्यास एमआरआयपूर्वी सांगावे. आणि घरातले मूल किंवा तरुण लंगडू लागला, उकिडवे बसताना त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, तर ‘कामचुकार आहे’ असे म्हणण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्यावे. कळ येते म्हणून कामावरून बसून राहणाऱ्या तरुणाला आळशी ठरवायला कोणताच फोटो लागत नाही, हीच तर खरी अडचण आहे.

यंत्र माणसाचे दुखणे पाहत नाही. ते चुना पाहते, पाणी पाहते, चरबी पाहते. दुखणे पाहायचे ते माणसाने, म्हणजे डॉक्टरने, घरच्यांनी आणि शासनानेही. फोटो आणि रुग्ण यांचे म्हणणे जुळत नसेल, तर आधी रुग्णाचे खरे मानावे आणि दुसरा फोटो काढावा. सातपुड्याच्या पायथ्याशी एवढे जरी पाळले गेले, तरी उद्या त्या डोंगरवाटा चढणारी काही पावले लंगडी होण्यापासून नक्कीच वाचतील.